किल्ली बोलते, तेव्हाच गाडी चालते!

कुलूप हे सावासाठी असते, चोरासाठी नव्हे, असे आपल्याकडची वडीलधारी माणसे नेहमी म्हणतात, आणि त्यात पुष्कळच तथ्य आहे. दाराला कुलूप दिसले की भला माणूस आल्या पावली परत फिरतो. चोर मात्र शांतपणे पिशवीतून पटाशी काढतो. कुलूप कितीही भक्कम केले, तरी शेवटी ते लोखंडच. आणि लोखंडावर लोखंड चालतेच. कुलूप घडविणारा आणि कुलूप फोडणारा यांची ही झटापट शेकडो वर्षे चालू आहे. तिच्यात आजवर बहुधा फोडणाऱ्याचीच सरशी होत आली.

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत मात्र एका ठिकाणी या झटापटीला मोठी विलक्षण कलाटणी मिळाली. ते ठिकाण म्हणजे मोटारीची किल्ली. आपल्या घरी मोटार असेल, तर तिची किल्ली जरा हातात घेऊन पाहा. पुढे धातूचे पाते, त्याला दाते किंवा नागमोडी खोबणी. मागे काळ्या प्लॅस्टिकची जाडसर मूठ. आपली समजूत अशी, की खरे काम करते ते पाते आणि मूठ आहे ती केवळ धरण्यासाठी. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे! त्या पात्याची हुबेहूब नक्कल रस्त्याच्या कडेला कानस घेऊन बसलेला किल्लीवाला थोड्या वेळात करून देईल. त्या नकलेने गाडीचे दार उघडेल, स्टीअरिंग मोकळे होईल. पण इंजिन काही चालू होणार नाही. एखादी गाडी स्टार्टर फिरूच देणार नाही, तर एखादी क्षणभर हुंकार देईल आणि लगेच गप्प बसेल. समोरच्या फलकावर एक लहानसा दिवा लुकलुकत राहील, एवढेच. गाडी जणू सांगत असते, “आपली काही ओळख लागत नाही!”

गाडीला ओळख पटते ती पात्याने नव्हे, तर त्या काळ्या मुठीच्या पोटात दडलेल्या, तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढ्या एका वस्तूने. बटण दाबून चालू होणाऱ्या नव्या गाड्यांत तर पाते नावालाच उरले आहे. ही ओळख पटविणाऱ्या यंत्रणेला इंग्रजी नाव आहे ‘इमोबिलायझर’, म्हणजे गाडीला जागची हलू न देणारा. तो काम कसा करतो आणि त्याच्यावाचून काय अनर्थ होतात, ते या लेखात पाहू.

दोन तारांचा खेळ

मोटार प्रथम आली, तेव्हा तिला सुरू करण्यासाठी पुढे उभे राहून हँडल मारावे लागे. हँडल उलटे फिरून मनगट मोडण्याचे प्रकार सर्रास घडत. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर बसला आणि हा त्रास संपला. पुढे १९४९ मध्ये क्रायस्लर कंपनीने किल्ली फिरविताच इंजिन चालू होईल अशी सोय केली. हीच पद्धत मग जगभर रूढ झाली.

सोय उत्तम होती. परंतु चोराच्या दृष्टीने पाहिले, तर किल्ली म्हणजे घरातल्या दिव्याच्या बटणासारखे एक बटणच होते. किल्ली फिरली की आतल्या तारा एकमेकींना जोडल्या जात, एवढेच. जे काम किल्ली करते, तेच उघड्या तारा जोडूनही होई. आपल्या ॲम्बॅसिडरची आणि कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीची हीच तऱ्हा होती. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, तोवर तारा जोडून गाडी चालू करण्याची ही विद्या जुन्या मेस्त्रींना मुखोद्गत होती. अर्थात ती चोरांनाही होती. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक!

मालक मंडळीही स्वस्थ बसली नव्हती. कोणी गियरला साखळदंड घाली, कोणी स्टीअरिंगला लोखंडी दांडा अडकवी. त्यांतले चतुर लोक सीटखाली किंवा फलकामागे एक छुपे बटण बसवून घेत. ते दाबल्यावाचून इंजिनाला वीजच मिळत नसे. छुप्या बटणाची ही कल्पना साधी होती. पण तिच्यात भविष्याचे बीज होते. साखळदंड तोडता येतो, दांडा कापता येतो. पण बटण कुठे आहे हेच ठाऊक नसेल, तर करवत चालवायची कशावर? म्हणजे चोराला अडविले ते लोखंडाने नव्हे, तर मालकाच्या मनातल्या एका गुपिताने.

हे गुपित किल्लीतच घालता येईल का? १९८६ साली अमेरिकेत जनरल मोटर्सने आपल्या कॉर्व्हेट गाडीत तसा प्रयत्न केला. किल्लीच्या पात्यात विजेला ठराविक अडथळा करणारी एक बारीक गोळी बसविली. गाडी तो अडथळा मोजी आणि आपल्या हिशेबाशी जुळला तरच इंजिन चालू होऊ देई. मात्र अशा गोळ्या होत्या अवघ्या पंधरा प्रकारच्या. पंधरा प्रकारच्या किल्ल्या जवळ असलेला चोर चिकाटीने एकेक लावून पाहू शके. चुकीची किल्ली लावली की गाडी काही मिनिटे रुसून बसे आणि चोराचा वेळ खाई, हाच काय तो दिलासा. गुपित होते, पण ते फार लहान होते.

बिनबॅटरीचा बोलका

मध्यंतरी मोटारीच्या अंतरंगात मोठी क्रांती झाली होती. इंजिनात पेट्रोल किती सोडायचे आणि ठिणगी कोणत्या क्षणी पाडायची, हे पूर्वी कार्बोरेटर आणि डिस्ट्रिब्यूटर ठरवीत. धुराचे नियम कडक होत गेले, तसे हे काम एका लहानशा संगणकाकडे आले. आपल्याकडेही २००० सालच्या आसपास हा बदल वेगाने झाला. त्याचा एक परिणाम कोणी फारसा ध्यानात घेतला नव्हता. इंजिन आता कोणाच्या तरी हुकुमावाचून चालेनासे झाले होते. तारा जोडा, स्टार्टर फिरवा. पण संगणकाने पेट्रोल सोडले नाही, तर सारे व्यर्थ! आता प्रश्न उरला एवढाच, की मालक आला आहे हे त्या संगणकाला कळावे कसे?

याचे उत्तर दुसऱ्या महायुद्धात तयार होऊन बसले होते. रडारच्या पडद्यावर विमान दिसे. पण ते आपले की शत्रूचे, हे कळत नसे. तेव्हा ब्रिटिशांनी आपल्या विमानांत अशी यंत्रे बसविली, की रडारची लहर येऊन आदळताच यंत्राने आपण होऊन ओळखीचा संदेश परत धाडावा. अशा आपोआप उत्तर देणाऱ्या यंत्राला पुढे ‘ट्रान्स्पॉन्डर’ हे नाव पडले. आपल्या किल्लीतला दाणा हा त्या युद्धयंत्राचाच चिमुकला वंशज आहे. काही किल्ल्यांत तो बारीक काचेच्या नळीत असतो, काहींत काळ्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्यात. पाळीव कुत्र्यांच्या कातडीखाली ओळखीसाठी जी काचेची नळी बसवितात, ती याचीच सख्खी बहीण. टोलनाक्यावर आपली वाट मोकळी करणारी काचेवरची फास्टॅगची चिठ्ठी हीदेखील त्याच कुळातली.

यातली मौज अशी, की या दाण्याला बॅटरी नसते. किल्लीत बॅटरी असते ती दूरवरून दार उघडण्याच्या बटणांसाठी. दाण्याला वीज पुरविते गाडी, तीही तार न जोडता! किल्लीच्या भोकाभोवती तांब्याच्या तारेचे एक वेटोळे असते. किल्ली आत गेली की गाडी त्या वेटोळ्यातून सेकंदाला सुमारे सव्वा लाख वेळा मागेपुढे हेलकावणारा प्रवाह सोडते. त्यामुळे भोवती थरथरते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. दाण्यातही केसासारख्या तारेचे एक वेटोळे असते. ते या क्षेत्रात सापडले, की मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलेल्या नियमाप्रमाणे त्यात वीज उत्पन्न होते. नुसता टेबलावर ठेवला असता मोबाईल भारणारा चार्जर आपण पाहिला असेल. तोही याच नियमावर चालतो. दाण्यातल्या चिपला जाग येण्यास एवढी वीज पुरते.

जागी झालेली चिप मग बोलते. तिच्याजवळ आवाज काढण्याइतकी शक्ती नसते. पण आपल्या वेटोळ्यावरचा विजेचा भार ती क्षणात वाढविते, क्षणात कमी करते. त्याचा सूक्ष्म हिसका गाडीच्या वेटोळ्याला जाणवतो. विहिरीच्या रहाटाचा दोर एकाने धरावा आणि खालच्याने तो ठरल्या खुणेप्रमाणे ओढावा, तसाच हा प्रकार. हे सारे संभाषण अवघ्या काही सेंटिमीटरांत आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपते.

परवलीचा शब्द

पण ही किल्ली बोलते तरी काय? पहिल्या पिढीतल्या चिपा दर वेळी एकच ठराविक आकडा सांगत. हा प्रकार अलीबाबाच्या गोष्टीतल्या गुहेसारखा झाला. “तिळा तिळा, दार उघड” म्हटले की दार उघडणार. मग म्हणणारा चोर असो, की झाडावर बसून ऐकणारा अलीबाबा असो. एकदा का तो आकडा कोणी ऐकून टिपून घेतला, की दुसऱ्या कोऱ्या चिपेत तो भरायला कितीसा उशीर?

गडावरच्या पहाऱ्यातही हीच अडचण असते. रात्री येणाऱ्याने परवलीचा शब्द सांगायचा. पण अंधारात दबा धरून बसलेल्या हेराने तो ऐकला, तर उद्या हेरही तोच सांगणार. मग करावे काय? समजा, पहारेकरी आणि गडाचा माणूस या दोघांनाच ठाऊक असलेली एक संख्या आहे, ३४७. पहारेकरी ही संख्या कधीच विचारीत नाही. तो मनाला येईल ती दुसरीच संख्या पुकारतो, “५८२!” आलेला माणूस मनातल्या मनात ५८२ ला ३४७ ने गुणतो. गुणाकार येतो २०१९५४. त्यातले मधले दोन आकडे तेवढे तो सांगतो, “एकोणीस!” पहारेकऱ्यानेही तोच गुणाकार केलेला असतो. उत्तर जुळले, दरवाजा उघडला.

आता झुडपामागच्या हेराने हे सारे ऐकले, तरी त्याचा उपयोग काय? दुसऱ्या रात्री तो ऐटीत येतो, पण पहारेकरी या वेळी पुकारतो, “७१६!” हेर म्हणतो, “एकोणीस!” आणि पकडला जातो, कारण आजचे उत्तर आहे चौऱ्याऐंशी. ज्याच्याजवळ ३४७ ही मूळ संख्या आहे, त्यालाच रोज नवे उत्तर देता येते. आणि गंमत अशी, की ती मूळ संख्या कधी उच्चारलीच जात नाही.

आजची किल्ली हेच करते. गाडी दर वेळी नवी संख्या पुकारते; चिप आपल्या पोटातल्या गुप्त संख्येशी तिचा घोळ घालून उत्तर देते; गाडीचा संगणकही तोच घोळ घालून उत्तर ताडून पाहतो. साधा गुणाकार हिशेबी माणूस उलगडू शकेल, म्हणून इथला घोळ फार गुंतागुंतीचा असतो. उत्तर जुळले तरच पेट्रोल सुटते आणि ठिणगी पडते. चोराने फोडावे, कापावे, उचकटावे असे येथे काही उरलेलेच नाही.

हॉलंडचा दाखला

ही यंत्रणा सर्वत्र पसरली ती मात्र शास्त्रज्ञांच्या हौसेने नव्हे, तर विमा कंपन्यांच्या तगाद्याने. १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली, पूर्व युरोपच्या सीमा खुल्या झाल्या आणि जर्मनीतल्या मोटारी चोरीला जाऊन पूर्वेकडे पसार होण्याचे प्रमाण एकाएकी वाढले. भरपाई देता देता विमा कंपन्या मेटाकुटीला आल्या आणि त्यांनी या यंत्रणेचा आग्रह धरला. १९९५ मध्ये युरोपीय संघाने नियम केला, की १९९८ च्या ऑक्टोबरपासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत इमोबिलायझर असलाच पाहिजे. ऑस्ट्रेलियाने २००१ मध्ये आणि कॅनडाने २००७ मध्ये हाच मार्ग धरला.

याचा उपयोग किती झाला? यान व्हान ऊर्स आणि बेन व्होलार्ड या दोघा डच अर्थशास्त्रज्ञांनी हॉलंडमधल्या १९९५ ते २००८ या काळातल्या मोटारचोऱ्यांचा बारकाईने अभ्यास केला आणि २०१६ मध्ये तो प्रसिद्ध केला. नव्या गाड्या अवघड झाल्यामुळे चोर जुन्या, बिनइमोबिलायझरच्या गाड्यांकडे काही प्रमाणात वळले, हे त्यांनी मान्य केले. ते जमेस धरूनही मोटारचोरीची शक्यता सरासरीने सुमारे ४० टक्क्यांनी घटली, असे त्यांच्या हिशेबात आले. एक चोरी टाळण्यास पडलेला खर्च होता सुमारे १,५०० युरो. गाडीच्या किमतीच्या मानाने हा खर्च काहीच नव्हे.

पोलीस वाढविले नाहीत, शिक्षा वाढविल्या नाहीत. किल्लीत एक दाणा घातला, आणि सहज जमेल म्हणून चोरी करू पाहणारे कितीतरी हात आपोआप थांबले. या आकड्यांतून मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. मुरलेला चोर काही ना काही मार्ग शोधतोच. पण चोरीच्या वाटेवर पहिले पाऊल टाकणारा पोरगा बहुधा सोप्या गाडीजवळच ते टाकतो. गाडी सोपी नसेल, तर ते पाऊल कदाचित पडतच नाही.

दाणा नसला तर

याची उलट बाजू अमेरिकेत पाहावयास मिळाली आणि ती फार दुःखद आहे. अमेरिकेने इमोबिलायझरची सक्ती केली नाही. तो बसवावा की नाही, हे कंपन्यांवर सोडले. बहुतेक कंपन्यांनी तो बसविला. २०१५ सालच्या मॉडेलांत इतर कंपन्यांच्या ९६ टक्के गाड्यांना तो मूळचाच होता. ह्युंदाई आणि किया या दोन कोरियन कंपन्यांच्या गाड्यांत मात्र हे प्रमाण अवघे २६ टक्के होते. त्यांच्या स्वस्तातल्या, साध्या किल्लीच्या गाड्या दाण्यावाचूनच विकल्या जात होत्या. कॅनडात कायदा होता, म्हणून तिथे याच कंपन्यांनी तो बसविला. सीमेच्या अलीकडे कायदा नव्हता, म्हणून गाळला!

काही वर्षे हे कोणाच्या ध्यानात आले नाही. मग २०२१ च्या सुमारास विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरात पोराटोरांनी या गाड्या पळविण्याचा सपाटा लावला. २०२२ मध्ये त्याच्या चित्रफिती मोबाईलवरून देशभर फिरल्या आणि गाडी पळविणे हा शाळकरी मुलांचा पैजेचा खेळ होऊन बसला. विकण्यासाठी नव्हे, तर केवळ मौजेसाठी गाडी उचलायची, भरधाव हाकायची आणि कुठेतरी टाकून द्यायची. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बफलो शहरात चोरलेल्या अशाच एका किया गाडीला अपघात होऊन किशोरवयातली चार मुले प्राणांस मुकली. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या रस्ता-सुरक्षा खात्याने या लाटेतल्या निदान १४ अपघातांची आणि ८ मृत्यूंची नोंद दिली.

मग धावपळ सुरू झाली. सुमारे ८३ लाख गाड्यांच्या संगणकांत नवी आज्ञावली भरण्याची तयारी कंपन्यांनी दाखविली. चोरांनी दुरूनच पाहावे, म्हणून काचेवर लावायला चिठ्ठ्या दिल्या. मे २०२३ मध्ये मालकांशी सुमारे २० कोटी डॉलरची तडजोड जाहीर झाली. काही शहरांत काही विमा कंपन्या अशा गाड्यांचा नवा विमा उतरविण्यासही तयार होईनात. बैल गेला नि झोपा केला! गाडीच्या किमतीपुढे नगण्य असलेल्या एका यंत्राची काटकसर अशी जिवावर बेतली. ज्यांच्या घरातली मुले गेली, त्यांना कोणत्या आज्ञावलीने ती परत मिळणार?

शहाण्यांनी फोडलेली कुलुपे

मग किल्लीतला दाणा असला म्हणजे निर्धास्त झोपावे काय? तसेही नाही. गुप्त संख्या जितकी मोठी, तितकी ती शोधणे अवघड. बुद्धिबळाच्या पटावर घराघराला दाणे दुप्पट करीत जाण्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. एका जुन्या प्रसिद्ध चिपेतली संख्या अशी चाळीस वेळा दुप्पट होणारी होती. म्हणजे सुमारे १ लाख १० हजार कोटी शक्यता! तरी २००५ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसह एकाच वेळी काम करणाऱ्या सोळा चिपा जुंपून ती तासाभरात शोधून काढली आणि तिच्या जोरावर एक फोर्ड गाडी चालू करून दाखविली. त्यांचा हेतू चोरीचा नव्हता. कुलूप कच्चे आहे, हे घडविणाऱ्याला सांगण्याचा होता.

ही गोष्ट सांगणे नेहमी सोपे जाते असे मात्र नाही. नेदरलँड्समधल्या आणि इंग्लंडमधल्या तिघा संशोधकांनी ‘मेगामॉस’ नावाच्या चिपेतले दोष शोधले. ती चिप अनेक नामांकित गाड्यांत होती. फोक्सवॅगन कंपनीने २०१३ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयातून त्यांच्या निबंधावर मनाई आणली. अखेर २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. या प्रकरणी ऑग्यूस्त केर्कहोफ्स या मूळच्या डच भाषापंडिताने १८८३ मध्येच सांगून ठेवलेले सूत्र आठवते. त्याचे म्हणणे असे, की कुलपाची सारी रचना शत्रूच्या हाती पडली, तरी किल्ली हाती पडेपर्यंत ते उघडता कामा नये. रचना लपवून जे सुरक्षित राहते, ते खरे सुरक्षितच नव्हे. आता नव्या चिपांत १२८ वेळा दुप्पट होणारी संख्या आणि सर्वांसमोर तपासलेला घोळ वापरतात. ती संख्या होते ३९ आकडी! एकेक करून शोधू म्हटले, तर जन्मोजन्म पुरणार नाहीत.

तेव्हा चोराने कुलूप सोडले आणि दुसरीच युक्ती धरली. किल्ली खिशात ठेवून नुसते बटण दाबायचे, अशा गाड्यांत किल्ली जवळ आहे की नाही, हे गाडी लहरींवरून ओळखते. दोन चोर दोन यंत्रे घेऊन येतात. एक घराच्या दाराशी उभा राहतो, दुसरा गाडीशी. गाडीचा प्रश्न आतल्या खोलीत खुंटीवर टांगलेल्या किल्लीपर्यंत पोचविला जातो आणि तिचे खरेखुरे उत्तर गाडीपर्यंत. गुपित फुटत नाही, घोळ उलगडत नाही. बिचारी किल्ली प्रामाणिकपणे उत्तर देते, पण विचारणारा गाडीपासून दूर आहे, हे तिला कळत नाही. झुरिकच्या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांच्या दहा गाड्यांवर हे करून दाखविले. यावरही उपाय निघाले आहेत. काही किल्ल्या थोडा वेळ न हलल्यास झोपी जातात. काही नव्या गाड्या लहर येण्या-जाण्याला लागणारा वेळ मोजून किल्लीचे खरे अंतर काढतात.

घरच्यांसाठी चार गोष्टी

यातून आपल्यासारख्या प्रापंचिक माणसाने काय घ्यावे? पहिली गोष्ट, गाडी नवी असो की जुनी, किल्ल्या दोन मागून घ्या. एक किल्ली शाबूत असताना दुसरी करून घेणे सोपे असते. सगळ्याच हरवल्या, तर गाडी वर्कशॉपपर्यंत ओढून नेण्यापासून खर्चाला सुरुवात होते आणि काही गाड्यांत संगणकाचा भागच बदलावा लागतो. शिवाय गाडी चोरीला गेल्यास विमा कंपनी दाव्याच्या वेळी बहुधा दोन्ही मूळ किल्ल्या मागते, हे विसरू नका.

दुसरी गोष्ट, जुनी गाडी घेताना एकच किल्ली मिळाली, तर दुसरी कोणाच्या हाती आहे, हे सांगता येत नाही. अशा वेळी तिची ओळख गाडीच्या स्मरणातून पुसून घ्यावी. अधिकृत वर्कशॉपमध्ये हे काम होते.

तिसरी गोष्ट, किल्लीची बॅटरी संपली म्हणून घाबरू नका. मुठीत लपलेले पाते काढून दार उघडावे. आत बसल्यावर बटणाच्या गाडीत किल्ली बटणाला किंवा गाडीच्या पुस्तिकेत दाखविलेल्या जागी टेकवावी. दाण्याला बॅटरी लागत नाही, तेव्हा गाडी तिला ओळखते. मात्र दोन गाड्यांच्या किल्ल्या एकाच कडीत अडकवू नका. दोघी एकदम बोलू लागल्या, तर गाडीचा गोंधळ उडू शकतो.

चौथी गोष्ट गृहिणींसाठी. बटणाची गाडी असेल, तर किल्ली दाराजवळच्या खुंटीवर टांगण्याऐवजी घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावी. पत्र्यातून या लहरी सहसा आरपार जात नाहीत. पण सगळे डबे सारखे नसतात, म्हणून एकदा डबा गाडीजवळ नेऊन दार उघडते का, ते पाहून घ्यावे. जास्तीची किल्लीही त्याच डब्यात जावी.

दसरा आणि धनत्रयोदशीच्या मुहूर्तावर यंदाही कित्येक घरांपुढे नवी गाडी उभी राहील. दुकानदार रंग दाखवील, पडदा दाखवील, गाणी वाजवून दाखवील. ते सारे हौसेने पाहावे; पण त्याबरोबर एक प्रश्नही विचारावा, की या मॉडेलला इमोबिलायझर मूळचाच आहे ना? उत्तर ‘हो’ असेल, तर ते गाडीच्या कागदपत्रांत दाखवायला सांगावे, आणि मगच पेढ्यांचा पुडा सोडावा.